देवापुढची घासाघीस

आमच्या चाळीने बिल्डरशी बोलायला जी माणसं निवडली त्यांत मी नव्हते. ही गोष्ट मी विसरलेली नाही आणि विसरायचा विचारही नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. पुढे मी जे लिहिणार आहे ते आनंदाचं आहे, पण हा खडा मध्येमध्ये दाताखाली येईल. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

लालबागच्या त्या चाळीत मी लग्न होऊन आले तेव्हा नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो गॅलरीत बसून राहिला आणि मी गाऊनचं गाठोडं काखेत मारून दारोदार फिरायला लागले. घाऊक बाजारात पहिल्याच दिवशी एक शेट म्हणाला, "बाई, हा शेवटचा भाव." मी म्हटलं, "शेवटचा भाव उद्या सांगा, आज पहिला सांगा." तो हसला आणि उतरला. त्या दिवशी मला कळलं की आपल्याला हा धंदा जमेल. आज दादरला माझा स्वतःचा गाळा आहे. त्याच्या फळीवरचा प्रत्येक परकर मी भांडून आणलेला आहे.

तर पुनर्विकासाची बोलणी करायला माणसं निवडायची होती. चाळीच्या अंगणात सगळे जमले. आमचे सेक्रेटरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. कडक इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं, आणि राग आला की चष्मा काढून पुसायचा. "नावं सुचवा," ते म्हणाले. कोणी माझं सुचवेना म्हणून मीच हात वर केला.

सेक्रेटरींनी चष्मा काढला. "वहिनी, तुमचा स्वभाव जरा तापट. बोलणी फिसकटली तर काय करायचं?"

"फिसकटायला आधी बोलणी व्हावी लागतात, भाऊ. तुम्ही तिथे जाऊन चहा पिऊन याल."

सगळे हसले आणि मला वगळून मोकळे झाले. मंडळी गेली, चहा पिऊन आली. "काजूपण होते," त्यातला एक जण कौतुकाने सांगत होता. कागदांवर सह्या झाल्या, आम्ही सामान बांधलं, चाळ पडली.

पहिले काही महिने बिल्डरकडून भाडं येत होतं. मग उशिरा यायला लागलं, मग थांबलं. जागेभोवती निळे पत्रे लागले, आत मोठा खड्डा खणला गेला आणि काम बंद पडलं. खड्ड्यात पाणी साचलं, पाण्यात गवत उगवलं, गवतात एक बगळा येऊन राहिला. आमच्या सगळ्यांत ताबा मिळालेला तो एकटाच.

माणसं पांगली. कोणी नालासोपारा, कोणी कळवा, सेक्रेटरी डोंबिवलीला. मी आणि नवरा शिवडीला एका भाड्याच्या खोलीत गेलो, कारण मला दादरचा गाळा सोडून लांब जायचं नव्हतं.

लोक मला विचारतात, अशा वेळी तुम्ही धीर कसा धरता. मी काही पोथी वाचत नाही. माझ्या धंद्यात 'नाही' हे उत्तरच नसतं, तिथून बोलणं सुरू होतं. गिऱ्हाईक 'नको' म्हणून पायरी उतरतं तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत नाही, मानेकडे बघते. उतरताना मान एकदा वळली की ते परत येणार. चाळ पडल्यावर मी आमच्या माणसांच्या मानाच बघत होते. पहिल्या वर्षी सगळ्यांच्या वळायच्या. कोणी परळला लग्नाला आलं तरी वाट वाकडी करून पत्र्याच्या फटीतून आत डोकावून जायचं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज जुंपायची. कोणाची खोली किती फुटांची, कोणाला किती मिळणार, कोणी कोणाच्या नावाने काय लावलंय. मग हळूहळू भांडणं कमी झाली. मग नुसती गुड मॉर्निंगची गुलाबाची फुलं यायला लागली. भांडणं थांबली तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

आमच्या चाळीचा गणपती होता. लहानसाच, पण चाळीइतकाच जुना. घर गेल्यावर त्यालाही भाड्याने राहावं लागलं. एक वर्ष परळच्या एका हॉलमध्ये, पुढच्या वर्षी कोणाच्या तरी मेहुण्याच्या गॅरेजमध्ये. दर वर्षी आरतीला माणसं कमी आणि मोदक जास्त अशी वेळ येत गेली.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी सगळ्यांना माझ्या गाळ्यात बोलावलं. सोमवार होता, बाजार बंद. शटर अर्धं ओढून लोक गाऊनच्या गठ्ठ्यांवर बसले. आबा आले होते. आबा म्हणजे आमच्यातले सगळ्यांत वडील. मालवणकडचे, अजून घरात मालवणी सोडून दुसरं बोलत नाहीत. चाळीचं गाऱ्हाणं तेच घालायचे. कोकणातली रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: देवासमोर नारळ ठेवून एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने मोठ्या आवाजात देवाला सांगतो, ह्याला सांभाळ, त्याला सुखी ठेव, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यावर बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा." त्या शब्दाने मागणं सगळ्यांचं होतं.

आबा गुडघे चोळत म्हणाले, "पुरे झाला आता. देवाक असो दारोदार फिरवणा बरा न्हय. औंदाचो गणपती शेवटचो. मीव दिवाळेनंतर गावाक चललंय, कायमचो."

सेक्रेटरी म्हणाले, "आबा म्हणतात ते खरं आहे. चाळच नाही तर चाळीचा गणपती कसला? ओढूनताणून किती करायचं?"

माझं डोकं फिरलं. "तुमचं बरं आहे हो भाऊ. सह्या पण पटकन करता, आणि विसर्जन पण पटकन करता."

नवऱ्याने पायाने माझा पाय दाबला. तो आयुष्यभर एवढंच करत आलाय. सेक्रेटरी चष्मा पुसत बसले. मी बघितलं, एकाही माणसाची मान वळलेली नव्हती. सगळे खाली लादीकडे बघत होते. गणपती गेला की ह्यातलं कोणी कोणाला परत भेटणार नाही, हे मला त्या लादीवर लिहिल्यासारखं दिसलं. मग बिल्डरला तरी कोणाला घरं द्यायची आहेत? पांगलेल्या माणसांना कोणी काही देत नाही.

पण आबांचा शब्द. तो मोडायची कोणाची छाती नव्हती, माझीही नाही. आबांची एकच इच्छा होती. "निरोप देवचो तर आमच्या जाग्यार देवया. हॉलात नको, गॅरेजात नको."

"पण आत सोडणार कोण?" सेक्रेटरी म्हणाले. "ऑफिसात कोणी फोन उचलत नाही."

आणि मग सगळ्यांच्या माना वळल्या, माझ्याकडे.

"का?" मी म्हटलं. "आता नाही का बोलणी फिसकटणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याच्या गेटवर गेले. एक तरुण वॉचमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून चणे खात होता.

"अंदर अलाउड नहीं है, मॅडम."

"किसको अलाउड नहीं?"

"पब्लिक को."

"मैं पब्लिक दिखती हूँ? वो गड्ढा देख. उसमें जिधर बगुला खड़ा है ना, उधर मेरा किचन है."

त्याने खरंच वळून बगळ्याकडे बघितलं. "साहब से पूछना पड़ेगा."

"पूछ. साहेब फोन उठाता है?"

"हमारा भी नहीं उठाता," तो म्हणाला, आणि मला चणे पुढे केले.

पाच दिवसांचा गणपती आत बसवायचा आहे, मी सांगितलं. तो म्हणाला, एक घंटा. मी म्हटलं, देव काय टॅक्सीत बसून येतो, मीटर चालू ठेवून? तीन दिवस. तो म्हणाला, एक दिन, शाम तक. मी पिशवी उचलून चालायला लागले. त्याने हाक मारली. शेवटी दीड दिवसावर जमलं, गेटच्या आतल्या पट्टीवर, खड्ड्यापासून लांब. मला दीडच दिवस हवा होता, म्हणून मी पाचापासून सुरू केलं होतं.

"मोदक मिलेगा?" त्याने विचारलं.

"मिलेगा. लेकिन तूप डालके खाना पड़ेगा. सूखा खाया तो मैं गेट पे ही झगड़ा करूँगी."

चतुर्थीच्या सकाळी आम्ही मूर्ती घेऊन पोचलो तर त्याने आपणहून पट्टीवरचं गवत कापून ठेवलं होतं आणि गेटला झेंडूची माळ लावली होती. माळ बेताची होती, मी असते तर तेवढ्याच पैशांत दुप्पट लांब आणली असती, पण मी काही बोलले नाही.

माणसं येतील की नाही ह्याची मला धाकधूक होती. शेवटचा गणपती म्हटल्यावर आली, आणि नुसती आली नाहीत, डबे घेऊन आली. काळ्या वाटाण्याचं सांबार, वडे, अळूवडी, एकीने तर घावने तव्यासकट आणले. आमच्या तळमजल्यावरची मावशी वसईहून पहिल्या गाडीने आली. ती कॅथलिक. पण चाळीच्या गणपतीला केळीचा घड तिच्याच घरून यायचा, आणि तो मान ती दुसऱ्या कोणाला देत नसे. गॅरेजच्या वर्षी कोणीतरी आधीच केळी आणली होती, तेव्हा ती न जेवता परत गेली होती. ह्या वेळी घड खाली ठेवून तिने आधी सगळीकडे नजर फिरवली, दुसरा घड नाही ह्याची खात्री केली, मग हात जोडले.

दुपारी जेवणं झाली आणि पहिलं भांडण लागलं. नळ कुठे होता ह्यावरून. एक जण म्हणाला इथे, दुसरा म्हणाला तिथे, तिसरा म्हणाला तुम्ही दोघं नळावर कधी आला होतात, पाणी तर बायका भरायच्या. मग त्यातून कोणाची बादली कोणी ढकलली होती ते निघालं, मग जिन्याखालची सायकल, मग कोणाच्या टीव्हीचा आवाज. नालासोपाऱ्याहून आलेला एक गृहस्थ, ज्याने ग्रुपवर वर्षभर फुलंच पाठवली होती, तो लाल होऊन ओरडत होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला आणखी एक वडा वाढला.

रात्री वॉचमनने स्वतःची खुर्ची आबांना दिली आणि तो देवाजवळ खाली बसून राहिला. आम्ही आळीपाळीने थांबलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जनाची तयारी सुरू झाली आणि कोणीतरी मध्येच विचारलं, "आज मिरवणुकीत ओरडायचं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं की नाही? पुढच्या वर्षी तर आपण आणणारच नाही."

सगळे थबकले. हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "नुसतं मंगलमूर्ती मोरया म्हणू. देवाला खोटं आमंत्रण कशाला द्यायचं?"

मावशी म्हणाली, "मग काय करायचं, टाटा करायचा त्याला?"

हसू आलं लोकांना, पण ते टिकलं नाही. सेक्रेटरींची बायको ताटातली फुलं उगाच इकडची तिकडे करत होती. ती कमी बोलणारी बाई. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून तिने पाठ केली होती. मला दिसलं.

आबा नारळ ठेवून उभे राहिले. सगळे मागे गोळा झाले.

"बा देवा म्हाराजा," आबांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा."

"आजपावत जशी जमली तशी तुझी सेवा केलव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आता फुडच्या वर्सापासून..." आणि आबांचा आवाज फुटला. त्यांनी खाकरून बघितलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकले. ते शब्द त्यांच्याने म्हणवेनात. त्यांनी हाताने सेक्रेटरींना पुढे केलं.

सेक्रेटरी पुढे झाले, हात जोडले. "हे परमेश्वरा, आम्ही सर्व सभासद आपणांस विनंती करतो की..."

कोणी व्हय म्हाराजा म्हणेना. मागून कोणीतरी फिसकन हसलं.

"थांब रे झिला," आबा म्हणाले, "ही काय सोसायटीची मीटिंग न्हय." मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "गो बाय, तू म्हण. घसो तुझोच मोठो."

"बायकांनी गाऱ्हाणं घालायचं?" कोणीतरी कुजबुजलं.

"देवाक ऐकाक येवक होया, इतक्याच," आबा म्हणाले. "कोण बोलता ता तो इचारणा नाय."

मी पदर खोचला. मला ते पाठ होतं. इतकी वर्षं गॅलरीत उभी राहून ऐकलेलं. पण पुढे जाताना मला दुसरीच गोष्ट आठवत होती, माझ्या धंद्यातली. गिऱ्हाइकाला एकदम भाव सांगायचा नसतो. आधी अशा गोष्टी विचारायच्या ज्यांना ते हो म्हणणारच. कापड मऊ आहे ना? हो. रंग खुलतो ना? हो. धुवायला सोपं ना? हो. जिभेला हो म्हणायची चटक लागली की मग आकडा टाकायचा.

"बा देवा म्हाराजा," मी आवाज चढवला. बगळा उडाला.

"व्हय म्हाराजा."

"आज तुझी लेकरां चारय दिशांनी येवन तुझ्या पायाकडे उभी आसत, त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाची पोरां परमुलखात आसत, कोणाचा दुखणा-खुपणा आसा, ता सगळा बाजूक कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आबांचे गुडघे बरे कर, आणि त्यांका गावाक जावची जी घाई झाली हा, ती कमी कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आता लोक हसत हसत म्हणत होते. आबाही.

"ह्या खड्ड्यात इमारत उभी रवांदे, तिका लिफ्ट आसांदे, आणि ती लिफ्ट चालणारी आसांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." हे चांगलं मोठ्याने आलं. रस्त्यावरचे लोक पत्र्यावरून डोकवायला लागले.

"बिल्डराक फोन उचलूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." ह्यात वॉचमनचा आवाज सगळ्यांत वर होता. त्याला मालवणीतलं काय कळलं देव जाणे, पण बिल्डर आणि फोन हे दोन शब्द त्याने बरोबर पकडले.

आता जिभा तापल्या होत्या. मी श्वाससुद्धा घेतला नाही.

"आणि जोपर्यंत ती इमारत उभी रवणा नाय, तोपर्यंत आम्ही तुका दर वर्सा एकेकाच्या घराक हाडतलंव, पयल्या वर्सा सेक्रेटरींच्या घराक डोंबिवलीक, आणि सगळी चाळ थंय येतली, ह्यो आमचो शबूद रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

घुमलं अगदी. सेक्रेटरींनी तर डोळे मिटून, पोटातून म्हटलं. मग डोळे उघडले. मग सगळ्यांनीच उघडले.

"वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, "हे काय? दर वर्षी एकेकाच्या घरी आणायचा, आणि पहिल्यांदा आमच्याच?"

"काय म्हणजे? तुम्हीच व्हय म्हणालात."

"अहो, ते सवयीने म्हटलं."

"सह्या पण सवयीनेच केल्या होत्या ना? त्या मोडता येत नाहीत म्हणता. मग ही कशी मोडणार? ही तर देवासमोर आहे."

त्यांनी चष्मा काढला. "आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद असते."

"म्हणून तर मागून घेतली."

नालासोपाऱ्याचे गृहस्थ म्हणाले, ही शुद्ध फसवणूक आहे, देवाच्या नावावर असं करता येत नाही. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कालचा वडा खाल्लात तेव्हा विचारलं होतंत का आत काय आहे? वातावरण तापायला लागलं. आणि तेवढ्यात सेक्रेटरींची बायको ताट हातात घेऊन पुढे आली.

"येऊ दे त्याला," ती म्हणाली. "माझ्याकडे तिकडे कोणीच येत नाही."

सेक्रेटरी तिच्याकडे बघतच राहिले.

"खरंच सांगते. समोरच्या दाराला कोण राहतं तेसुद्धा मला माहीत नाही. इथे तुमच्या बादल्यांच्या आवाजाने डोकं उठायचं माझं. आता दुपारी घड्याळाचा आवाज येतो." तिने ताट देवापुढे ठेवलं. "चौथा मजला तर चौथा मजला. चढवा."

मग वसईची मावशी म्हणाली, "दुसऱ्या वर्षी माझ्याकडे. केळीचा घड तेवढा घरचाच असेल, न्यायचा त्रास नाही." कळव्याची बाई लगेच म्हणाली, दुसरं वर्ष आमचं, तुमचं तिसरं. मावशी म्हणाली, मी आधी बोलले. नालासोपाऱ्याचे गृहस्थ, जे फसवणूक म्हणत होते, ते विचारायला लागले की त्यांचा नंबर मुद्दाम शेवटी टाकायचा डाव आहे का. आबा वॉचमनच्या खुर्चीत बसून हसून हसून खोकत होते. "हिना देवाकडे घासाघीस केल्यान," ते म्हणत होते. "आणि माजा गावाक जाणाय लांबवल्यान."

त्या संध्याकाळी दादरच्या चौपाटीवर आम्ही 'पुढच्या वर्षी लवकर या' असं ओरडलो की शेजारच्या मोठ्या मंडळाच्या पोरांनी वळून बघितलं. एवढ्याशा मूर्तीला एवढा आवाज कुठून आला म्हणून.

हे झालं त्याला वर्ष उलटून गेलं. इमारत अजून उभी नाही. खड्ड्यातलं पाणी उपसलं, मग पुन्हा साचलं. बगळा आहे. भाड्याचं मध्येच थोडं आलं, मध्येच थांबलं. मी कोणाला खोटं सांगणार नाही की सगळं ठीक होईल. ठीक होईल की नाही ते मला माहीत नाही. पण ग्रुपवरची फुलं थांबली आणि भांडणं पुन्हा सुरू झाली. देवाची मूर्ती किती उंचीची, डोंबिवलीला जायला कोणती गाडी, प्रसाद कोणाचा. भांडणारी माणसं मीटिंगला पण यायला लागली. आबांचे गुडघे काही बरे झाले नाहीत, पण गावचं तिकीट त्यांनी काढलं नाही.

यंदा डोंबिवलीला गेलो. लिफ्ट बंदच होती. मूर्ती जिन्यात प्रत्येक वळणावर अडकत होती आणि मी खालून ओरडत होते, डावीकडे, अरे डावीकडे, तुमची डावी नाही, देवाची डावी. त्या आवाजाने एकेक दार उघडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन पोरांनी खालून हात लावला. चौथ्या मजल्यावर समोरच्या दारातून एक बाई बाहेर आली, आणि सेक्रेटरींच्या बायकोने तिला म्हटलं, "या ना." त्या बाईने स्वतःची समई आणून दिली. संध्याकाळपर्यंत त्या दोघी स्वयंपाकघरात खोबरं किसत एकमेकींच्या सासवांबद्दल बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाऱ्हाणं. आबांनी पुन्हा मलाच पुढे केलं. पण यंदा माणसं शहाणी झाली होती. मी एक वाक्य म्हणायचे, आणि मग सगळे थांबायचे. एकमेकांकडे बघायचे. त्यात काही अट लपली आहे का ते मनात तपासायचे. मग एक जण मान डोलवायचा, मग दुसरा, आणि मग कुठे "व्हय म्हाराजा" यायचं. पुढच्या वर्षी गणपती कळव्याला, ह्यावर तर तीन वेळा फेरबदल झाले, वसईच्या मावशीने जाहीर निषेध केला, आणि आबा म्हणाले, असं गाऱ्हाणं त्यांनी जन्मात ऐकलं नाही, देव बसून कंटाळला असेल. नारळ फुटायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला.

शेवटी मी म्हटलं, "बा देवा म्हाराजा, बिल्डराकडे बोलूक माका धाडूची बुद्धी आमच्या सेक्रेटरींका दी रे म्हाराजा."

सगळे सेक्रेटरींकडे बघायला लागले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, उजेडात धरून बघितला, पुन्हा पुसला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून, हाताला खोबरं लागलेलं, त्यांच्या बायकोने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

एकटीचाच आवाज. गाऱ्हाण्याला एक आवाज पुरतो की सगळ्यांचा लागतो, ह्यावर तिथेच वाद सुरू झाला. आबांचं म्हणणं, पुरतो. सेक्रेटरींचं म्हणणं, नियम बघावा लागेल. मी त्यांना सांगितलं, सावकाश बघा. विसर्जन संध्याकाळी आहे, तोपर्यंत मी इथेच आहे.